भाजल्याचे व्रण : लपवायचे की बरे करायचे?



हिवाळा लागला की आपल्या जळगाव-धुळ्याकडे भरताच्या पार्ट्या सुरू होतात. कपाशीच्या काड्या पेटवून त्यावर वांगी भाजली जातात, मुले भोवती खेळतात आणि एखाद्याचा हात भाजतो. घरात चूल, स्टोव्ह, आंघोळीचे उकळते पाणी आहेच. जखम भरते, व्रण मात्र राहतो. तो मुलीच्या अंगावर असला की आईबाप पूर्ण बाह्यांचे कपडे शिवतात आणि डॉक्टरकडे जायचे टाळतात. चार माणसांना कळले तर लग्न कसे जमेल, ही भीती! या लपवालपवीत उपचाराची वेळ निघून जाते.

व्रण म्हणजे शरीराने घातलेले ठिगळ. कातडीचा खालचा थर जळाला की शरीर ती जागा कोलॅजेन नावाच्या तंतूंनी बुजवते. नवा व्रण कडक असतो, खाजतो. तो मऊ पडायला वर्ष-दोन वर्षेही लागतात. काही व्रण फुगतात. फुगवटा जखमेच्या हद्दीत राहिला तर तो पुष्कळदा हळूहळू बसतो. हद्द ओलांडून पसरू लागला तर त्याला कीलॉइड म्हणतात. कान टोचल्यावर पाळीला येणारी गाठ पुष्कळदा हीच असते. सावळ्या कातडीत ती जास्त आढळते. ती नुसती कापली तर बहुधा पुन्हा येते, म्हणून डॉक्टर गाठीत स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात.

व्रण कसा दिसतो, हे नंतर पाहावे. आधी पाहावे की हालचाल अडते का. कोपर, मान, काख, बोटे येथील व्रण आकसतो आणि सांधा ओढला जातो. रुग्णांची कागदपत्रे घेऊन दवाखान्यात जाताना आम्हा कार्यकर्त्यांना असे हात दिसतात. बोटे तळव्याकडे वळलेली असतात आणि घरचे म्हणतात, "आता काय, असंच राहणार." तसे नाही. शस्त्रक्रियेने आकसलेला भाग मोकळा करता येतो, मांडीची कातडी काढून तेथे लावता येते. पण जखम भरत असतानाच पट्टी बांधून सांधा सरळ ठेवला, व्यायाम केला, तर ही पाळी पुष्कळदा टळते.

जखम पूर्ण बंद झाल्यावर डॉक्टरांना विचारून सिलिकॉनची जेल किंवा पट्टी काही महिने रोज वापरावी. मोठ्या व्रणावर घट्ट दाबाचे कपडे देतात. खोबरेल लावून हलक्या हाताने चोळावे. उन्हाने व्रण काळवंडतो, तो झाकावा. लेसरने व्रण फिका व मऊ होतो, पूर्ण पुसला जात नाही. तशी हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका. दुकानातून आणलेल्या गोरेपणाच्या मलमात स्टिरॉइड असू शकते, त्याने कातडी पातळ होते. बिब्बा तर लावूच नका, त्याने नवा व्रण पडतो.

झाकायचा असेल तर कातडीच्या रंगाशी जुळणारे, पाण्याने न जाणारे मेकअप मिळते. लग्नाला, नोकरीच्या मुलाखतीला ते लावावेसे वाटले तर त्यात गैर काही नाही. मात्र निर्णय तिचा असावा, सासूचा किंवा शेजारणीचा नव्हे.

धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावलाही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे दाखवा, रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत न्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्यांच्या उपचारांचा समावेश आहे. कोणती शस्त्रक्रिया बसते, ते योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारा. ॲसिड हल्ल्यातील पीडितांना २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने दिव्यांगांत धरले आहे आणि त्यांच्यावर मोफत उपचार करणे खाजगी रुग्णालयांनाही बंधनकारक आहे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सुप्रबुद्ध या कुष्ठरोग्याची कथा घेतली आहे. अन्नाच्या आशेने तो गर्दीच्या कडेला येऊन बसला होता. तथागतांनी त्याची कातडी पाहिली नाही, धम्म समजण्याची त्याची पात्रता पाहिली. आपण बौद्ध म्हणवतो आणि हातावरच्या व्रणासाठी मुलगी नाकारतो, हे कसे? जन्माचा कलंक नाकारून आपण उभे राहिलो. आता आपल्याच लेकीबाळींना नवा कलंक लावू नका.

या रविवारी वंदनेनंतर विहारात एवढे सांगा : भाजले की लगेच २० मिनिटे वाहते थंड पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको. मग स्वच्छ कापड झाकून थेट दवाखाना. आणि ज्या घरात जुना व्रण लपवला जातोय, त्या घरी जाऊन म्हणा, "चला, मी सोबत येतो."

जयभीम!