हिंगोली जिल्ह्यात गावपातळीवर मोफत कायदा सल्ला व करिअर मार्गदर्शन सुरू करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष तथा प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश,
जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हिंगोली.

विषय: आठवडी बाजाराच्या गावांत वकिलांचा नियमित मोफत सल्ला मिळण्याबाबत.

महोदय,

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. एवढ्या निकषांवरच जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक लोक पात्र ठरतात. मात्र बहुतेकांना वकील आठवतो तो खटला उभा राहिल्यावर, आणि हक्क तर त्याआधीच, कागदावर सही करताना गेलेला असतो. वडील वारल्यावर बहिणीला दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला जातो. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हिस्सा दिला आणि वडील त्या वेळी हयात नसले तरी तो अबाधित राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. हे तिला सहीआधी कोणी सांगत नाही. नंतर ते पत्र रद्द करायला दिवाणी दावाच लावावा लागतो. फेरफाराची नोटीस लागल्यावर हरकतीला 15 दिवस असतात. सावकारीत गेलेली जमीन परत मागण्याचा 2014 च्या सावकारी नियमन अधिनियमातील मार्गही ठरावीक वर्षांपर्यंतच खुला असतो. मुदत टळल्यावर मिळालेला सल्ला फुकट असला तरी निरुपयोगी असतो.

शिबिरे होतात, 15100 हा दूरध्वनी क्रमांक आहे, मग आणखी काय हवे, असे विचारले जाईल. शिबिरात कायद्याची माहिती मिळते. पण सातबारा, फेरफार आणि खरेदीखत समोर ठेवून वाचणारा माणूस फोनवर मिळत नाही आणि वर्षातून एकदा येणाऱ्या शिबिरात त्याला तेवढा वेळही नसतो. दुसरी शंका अशी की, वकील यातून आपली अशिले जोडतील. अशी जाहिरातबाजी बार कौन्सिलच्या नियमांना मान्य नाहीच. म्हणून सल्ला देणाऱ्या वकिलाने तेच प्रकरण खासगीरीत्या घेऊ नये, अशी अट घालावी. वकिलांचा दिवस मोडतो, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यासाठी पाळीपाळीने नेमणूक आणि प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे मानधन हाच उपाय आहे.

ही सोय टिकायची तर गावातूनच वकील घडले पाहिजेत. बारावीनंतर पाच व पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यासाठीची राज्य प्रवेश परीक्षा, हे सेनगाव-कळमनुरीकडच्या मुलामुलींपर्यंत वेळेत पोहोचत नाही. सनदेसाठी 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी 125 रुपये, याहून जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये दिला. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली आवश्यक असल्याचे मे 2025 मध्ये ठरले. या दोन गोष्टी दहावी-बारावीतच कळल्या, तर घरच्यांना खर्चाचा आणि वर्षांचा हिशेब आधी मांडता येईल. सल्ल्यासाठी गावात आलेल्या वकिलाने त्याच दिवशी शाळेत एक तास दिला, तर वेगळा खर्चही लागणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

1. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव व औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत बाजाराच्या दिवशी, ठरलेल्या जागी व वेळी सल्ला केंद्र चालवावे.
2. वकिलांच्या पाळ्यांचे वेळापत्रक ग्रामपंचायत, तलाठी व दुय्यम निबंधक कार्यालयांत लावावे. पॅनेलवर महिला वकील असाव्यात.
3. प्रत्येक सल्ल्याची नोंद ठेवून पुढच्या मुदतीची तारीख अर्जदाराला लेखी द्यावी.
4. शाळा-महाविद्यालयांत विधी शिक्षणाचे मार्गदर्शन दरवर्षी प्रवेश परीक्षेच्या अर्जाआधी व्हावे.

यासाठी नवा कायदा लागत नाही; अधिकार आपल्याकडे आहेतच. एका तालुक्यापासून सुरुवात करून सहा महिन्यांनी नोंदी तपासाव्यात व त्यावरून पुढचा निर्णय घ्यावा, ही नम्र विनंती.

आपले विनम्र,
हिंगोली जिल्ह्यातील नागरिक

प्रत माहितीस्तव: मा. जिल्हाधिकारी, हिंगोली.