सहन आणि अंगण

उर्दूच्या तासाला ‘सहन’ हा शब्द आला की वर्गात हमखास हशा पिकतो. मराठीत सहन म्हणजे सोसणे आणि उर्दूत सहन म्हणजे अंगण. विजापूरच्या जामा मशिदीत कमानींनी वेढलेले मोठे मोकळे पटांगण आहे ना, तो त्या मशिदीचा सहन. मुलांना हे सांगावे लागते, कारण घरात अंगण पाहिलेली मुले वर्गात आता फार थोडी आहेत. या महिन्यात याच शब्दावर लिहावेसे वाटले, त्याला निमित्त झाली पणजीतली एक इमारत.

सांगली-साताऱ्याची माणसे गोव्याला गेली की त्यांची यादी ठरलेली असते: समुद्रकिनारा, जुन्या गोव्यातली चर्च, मांडवीवरची बोट आणि येताना काजू. दिवाळीच्या सुट्टीत आम्हीही गेलो. सोबत साताऱ्याचे भाईजान आणि भाभी होते. यादीत आम्ही एक नाव वाढवले, ते म्हणजे कांपाल भागातली कला अकादमी. भाईजान म्हणाले, “नाटकाचं थिएटर बघायला एवढ्या लांब कशाला? ते सांगलीतही आहेच की.”

त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. कला अकादमीच्या मुख्य नाट्यगृहाला मास्टर दीनानाथ मंगेशकरांचे नाव आहे. दीनानाथ मूळचे गोव्यातल्या मंगेशीचे, पण त्यांच्या नाटक मंडळीचा आणि कुटुंबाचा बराच काळ सांगलीत गेला. सांगलीतही त्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. पण आम्हाला नाव पाहायचे नव्हते, इमारत पाहायची होती.

लांबून पाहिले तर या इमारतीत डोळे दिपवणारे काहीच नाही. ना घुमट, ना मनोरा, ना कोरीव काम. ती बसकी आहे आणि झाडांपेक्षा उंच जायची तिला घाई नाही. रस्त्याच्या बाजूने शिरले की डोक्यावर लांबच लांब मांडव येतो, त्यातून ऊन चाळणीतून पडावे तसे खाली पडते. समोर भिंत नाही. चार पावले पुढे गेले की पलीकडे थेट मांडवी नदी दिसते. ज्याने नाटकाचे तिकीट काढलेले नाही त्यानेही येथून चालत नदीपर्यंत जावे, वाटेत पायऱ्यांवर बसावे, अशीच ही रचना आहे. आतल्या नाट्यगृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी जुन्या थिएटरातले सज्जे आणि त्यात बसलेले प्रेक्षक रंगवले. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी सभागृह ओस वाटू नये, ही त्यातली गंमत.

हे सारे चार्ल्स कोरिया यांचे काम. कोरिया घराणे मूळचे गोव्याचे. चार्ल्स यांचा जन्म १९३० साली सिकंदराबादला झाला. अमेरिकेत शिकून १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचे कार्यालय काढले आणि २०१५ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले. आधुनिक वास्तुकलेचे जगभर मान्य झालेले नाव. तेव्हा आधुनिक इमारत म्हणजे युरोपसारखी काचेची बंद पेटी, असा समज रूढ होत होता. कोरिया सांगत राहिले की आपल्या हवेत माणसाला मोकळे आकाश लागते. सकाळी एका कोपऱ्यात, दुपारी सावलीत, रात्री गच्चीवर, असे आपण घरातल्या घरात जागा बदलत जगतो. आपल्या दादी-नानींना हे कोणत्याही कॉलेजात न जाता ठाऊक होते.

कला अकादमीच्या नशिबी पुढे जे आले तेही सांगायला हवे. २०१९ मध्ये तिचा खुला रंगमंच पाडण्याची भाषा झाली. कलावंत, वास्तुविशारद आणि साधे नागरिक विरोधात उभे राहिले. मग दुरुस्तीचे काम निघाले आणि ते चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये त्या खुल्या रंगमंचावरचे छप्पर रात्री कोसळले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. सिमेंट-काँक्रीट अमर नसते. आत पाणी झिरपले की लोखंडी सळई गंजते, गंजली की फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. इमारत बांधणे एका पिढीचे काम असले, तरी ती राखणे पुढच्या प्रत्येक पिढीचे काम असते. आपल्या गावातली मशीद, शाळा, शादीखाना यांनाही हेच लागू आहे.

पायऱ्यांवर बसल्यावर खरा विषय निघाला. साताऱ्यात भाईजानांचा एक गुंठ्याचा प्लॉट आहे. ठेकेदाराने काढलेल्या नकाशात चारी कडांपर्यंत खोल्याच खोल्या होत्या. भाभी म्हणाल्या, “अम्मींना ऊन खायला कुठे बसवायचं?” भाईजान म्हणाले, “गुंठ्यात अंगण कुठून आणू? जागेचा भाव काय झालाय ते तरी बघ.”

कोरियांच्याच दुसऱ्या कामात यावर उत्तर आहे. नवी मुंबईची आखणी करणाऱ्यांपैकी ते एक. १९८० च्या दशकात बेलापूरला त्यांनी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी वसाहत आखली. तिथले प्लॉट साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे. आपला एक गुंठा म्हणजे जवळपास १०१ चौरस मीटर! तरीही प्रत्येक घराला स्वतःची उघडी जागा होती आणि सात घरांमध्ये मिळून सुमारे आठ मीटर लांब-रुंद असे एक सामाईक अंगण. दोन घरांत सामाईक भिंत नाही, म्हणजे पैसे जमतील तसे शेजाऱ्याशी न भांडता घर वाढवता येते. पुढे अनेकांनी मूळ घरे पाडून मोठी बांधली. माणसाची गरज वाढते, त्यात नवल नाही. पण उघडी जागा ही श्रीमंतांची चैन आहे, हा समज त्या आखणीने खोटा ठरवला.

भाईजान ऐकत होते, पण पटले असे म्हणाले नाहीत. “पटांगणाला भाडं येत नाही,” एवढेच बोलले. तेही खरे. मात्र बंद घराचे विजेचे बिल येते, दिवसाही लावाव्या लागणाऱ्या दिव्यांचे येते आणि दिवसभर आकाश न दिसणाऱ्या बायकांच्या, म्हाताऱ्यांच्या दुखण्यांचेही येते. जुन्या घरातला मधला चौक परदाही सांभाळत होता आणि मोकळी हवाही देत होता. आज परदा राहिला, हवा गेली.

त्याच मांडवीच्या काठी, पणजीतच, आदिलशहाचा जुना राजवाडा आहे. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी आदिलशाहीकडून गोवा घेतला. वास्को द गामाची जहाजे हिंदुस्थानच्या शोधात जिथून निघाली, त्या लिस्बनच्या नदीकाठी २०१० मध्ये एक मोठे वैद्यकीय संशोधन केंद्र उभे राहिले. शांपालिमो केंद्र हे त्याचे नाव आणि त्याचे शिल्पकारही कोरियाच! युरोपात जाणारे प्रवासी ते मुद्दाम पाहायला जातात. तिथेही त्यांनी इमारतींच्या मधून एक वाट सोडली. ती हळूहळू चढत जाते आणि चढणाऱ्याला समोर आकाश दिसते. म्हणजे जे पणजीला दिले, तेच त्यांनी लिस्बनला दिले. आम्ही लिस्बनला जाऊ न जाऊ, पणजी तर एका दिवसाच्या अंतरावर आहे.

घर बांधणाऱ्या वाचकांना आमची विनंती आहे. नकाशा पक्का करण्याआधी घरातल्या बायकांना आणि वडीलधाऱ्यांना तो दाखवा. निदान आठ बाय दहा फुटांची जागा आकाशाकडे उघडी ठेवा, तिला पाणी वाहून जाण्याचा उतार द्या आणि खोल्यांच्या खिडक्या तिच्याकडे काढा. गरम हवा वर निघून जाईल, उजेड आत येईल. शादीखान्याच्या किंवा मदरशाच्या कमिटीवर असाल तर एक झाड आणि सावलीतला एक कट्टा मागून घ्या, जिथे पोरीबाळीही निवांत बसू शकतील.

भाईजानांच्या नव्या नकाशात जिन्याशेजारी तेवढी मोकळी जागा आली आहे. हिशेबात ती त्यांना अजून तोट्याचीच वाटते. भाभींनी मात्र तिथे कढीपत्ता लावायचे ठरवले आहे आणि अम्मींची खाट कुठे पडेल तेही.