होडीचा रंग का फसतो?

बामणोली-तापोळ्याकडे शिवसागराच्या काठी राहणाऱ्यांना होडी म्हणजे एस.टी.सारखीच. सांगलीत कृष्णेवर होड्यांच्या शर्यती लागल्या की दोन्ही काठ माणसांनी फुलतात. तेव्हा आपल्याकडची मुले सुट्टीत लाकडाची छोटी होडी करायला बसली, तर त्यांना अडवू नये. खर्चही थोडा. सुताराकडच्या सागाच्या पातळ चिपा, आइस्क्रीमच्या काड्या, फेव्हिकॉलची लहान डबी आणि पॉलिश पेपर एवढ्यावर काम भागते.

पण आठ दिवस खपून केलेली होडी शेवटी रंग देताना फसते. सगळीकडे छान तपकिरी रंग आणि सांध्यांवर मात्र पांढुरके डाग! मूल हिरमुसते, ‘हे आपल्याला जमायचे नाही’ म्हणून सोडून देते. पैशापेक्षा हे नुकसान मोठे. म्हणून पालकांनी त्या डागामागचे कारण समजून घ्यावे.

लाकडाला बारीक छिद्रे असतात, त्यातून ते रंग पिते. फेव्हिकॉल सांडले की छिद्रे बुजतात. वाळलेले फेव्हिकॉल डोळ्यांना दिसत नाही. रंग चढवल्यावरच उघडे पडते. ओल्या फडक्याने घाईने पुसले, तर ते पातळ होऊन आणखी पसरते.

मिरजेचे सतार-तंबोरा करणारे कारागीर भोपळा आणि तुणाचे लाकूड जोडून झाल्यावर सांधे खरवडून, घासून साफ करतात. रंग आणि लाखेचे पॉलिश त्यानंतर. होडीच्या बारीक पट्ट्यांत मात्र खरवडायला जागाच नसते. म्हणून आपण क्रम उलटा करावा. आधी रंग, मग जोडणी.

पट्ट्या आधी १२० नंबरच्या, मग २२० नंबरच्या पेपरने रेषांच्या दिशेने घासाव्यात. ओले फडके फिरवून वाळू द्याव्यात आणि उठलेली लव पुन्हा हलकेच घासावी. रंगासाठी दोन चमचे चहापूड अर्धा कप पाण्यात कडक उकळून गाळावी. गडद काळपट रंग हवा असेल, तर गंजलेले खिळे तीन-चार दिवस व्हिनेगरमध्ये ठेवावेत. झाकण घट्ट लावू नये, आत वायू साठतो. चहा वाळल्यावर हे पाणी लावले की चहातला तुरट अंश आणि लोखंड मिळून लाकूड काळवंडते. आधी एका तुकड्यावर करून पाहावे.

पट्ट्या रात्रभर वाळल्या की काडीच्या टोकाने फेव्हिकॉलचा पातळ थर द्यावा. कपड्याचे चिमटे लावून अर्धा तास तरी धरून ठेवावे, पूर्ण जोर यायला मात्र एक दिवस द्यावा. बाहेर आलेला थेंब साईसारखा घट्ट झाला की पात्याने अलगद उचलावा. पाते मोठ्यांनीच हाताळावे. पॉलिश सगळ्यात शेवटी, कारण पॉलिशवर फेव्हिकॉल धरत नाही. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याने दोन-तीन हात द्यावेत. हे काम दारात, उघड्यावर करावे. एका खोलीच्या घरात स्टोव्ह किंवा गॅस पेटलेला असताना स्पिरिटची बाटली उघडूच नये. होडी पाण्यात सोडायची असेल, तर पाण्यात टिकणारे फेव्हिकॉल मरीन आणि वर व्हार्निश लागेल.

फेव्हिकॉल येण्यापूर्वी लाकूडकामात सरस चाले. जनावरांची कातडी आणि हाडे शिजवून तो करत. ज्या चामड्याला हात लावणाऱ्याला गावाने दूर ठेवले, त्याच चामड्याच्या सरसाने वाड्यातले सामान जोडलेले असे, हे मुलांना जरूर सांगावे.

आणखी एक गोष्ट सांगावी. मिरजेचे हे कारागीर शिकलगार समाजाचे, मूळचे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे काम घटले, तेव्हा फरीदसाहेबांसारखे लोक वाद्यांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हातातले कसब शिकूनच येते, कुणी ते पोटातून घेऊन येत नाही. आपल्या मुलाची पहिली होडी डागाळली, तरी डाग पेपरने घासून पुन्हा चहा लावता येतो. तेवढे मात्र त्याच्या शेजारी बसून करावे.