कृतज्ञतेची तालीम

दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात महाराष्ट्रातल्या असंख्य माध्यमिक शाळांमधून एकच भाषण होते. गावे निराळी, मुले निराळी, भाषण तेच. शाळा हे मंदिर असते, शिक्षक कुंभार असतात, विद्यार्थी मातीचे गोळे असतात, पाखरे घरट्यातून झेपावण्याच्या बेतात असतात आणि पाऊल मात्र उंबरठ्यावर अडखळलेले असते. पाचवीला रडत आलेले मूल दहावीला 'संस्कारांची शिदोरी' घेऊन निघते. मग वर्गणीतून घेतलेले भिंतीवरचे घड्याळ किंवा सरस्वतीची तसबीर मुख्याध्यापकांच्या हाती दिली जाते, बटाटेवडा आणि पेढा वाटला जातो, आणि दहावीच्या निरोप समारंभाची सांगता होते.

या प्रसंगाकडे समीक्षकाने का पाहावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर सरळ आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला 'इतकी वर्षे इथे काढलीस, तुला ती कशी वाटली?' असे जाहीरपणे विचारण्याचा हा आयुष्यातला पहिला आणि बहुतेकांच्या बाबतीत शेवटचा प्रसंग. स्वतःच्या गतकाळाकडे मागे वळून पाहण्याची, त्याला शब्द देण्याची ही पहिली संधी. आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्याच्या हातात तयार उत्तर ठेवतो. अनुभवाच्या जागी अनुभवाचा नमुना ठेवण्याची ही रीत जिथे सुरू होते, तिथे साहित्याचा विचार करणाऱ्याने लक्ष घालायचे नाही, तर कुठे घालायचे?

या नमुन्याचा उगम शोधायला फार दूर जावे लागत नाही. 'शाळेचा निरोप घेताना' हा निबंधाच्या पुस्तकांतला वर्षानुवर्षांचा ठरलेला विषय आहे. म्हणजे प्रत्यक्ष निरोपाच्या आधी कित्येक महिने मुलाने तो निरोप घटक चाचणीत घेतलेला असतो. पाणावलेल्या कडा त्याने वीस ओळींत बसवलेल्या असतात आणि समासात लाल शाईने 'भावना छान, शुद्धलेखनाकडे लक्ष द्या' असा शेराही मिळवलेला असतो. ज्या स्मृतीला आपण निर्व्याज समजतो ती अशी गुणांसाठी घटवलेली असते. पुढे व्यासपीठावर तीच म्हटली जाते, आणि म्हणणारे मूल बहुधा 'अ' तुकडीतले असते, कारण त्याचे उच्चार स्पष्ट असतात. 'ड' तुकडीने शाळेविषयी काय म्हटले असते हे ऐकण्याचा योग मला तरी आलेला नाही.

गंमत अशी की शाळाही मुलाची आठवण याच पद्धतीने ठेवते. शाळा सोडल्याचा दाखला काढून पाहावा. प्रगती : समाधानकारक. वर्तणूक : चांगली. एकाने दुसऱ्याला मंदिर म्हणायचे, दुसऱ्याने पहिल्याला चांगले म्हणायचे. इतक्या वर्षांच्या सहवासाचा हिशेब दोन्ही बाजूंनी असा छापील शब्दांत मिटतो.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी अशा समारंभाला पाहुणा म्हणून जाण्याचा प्रसंग आला. चार भाषणे रीतसर झाली. पाचवी मुलगी उठली. तिने सुरुवात रीतीप्रमाणेच केली, आणि मग कागद खाली ठेवून म्हणाली की, आम्ही मुली शाळेत दिवसभर पाणी पीत नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही आणि पाण्याची टाकी कोरडी असते. त्यामुळे सकाळी घरून निघताना घोटभर पाणी प्यायचे ते संध्याकाळी घरी गेल्यावर. पुढे तिने हेही सांगितले की, शाळेतल्या शिपाई मावशी मधल्या सुट्टीत दारापाशी उभ्या राहत, म्हणून निदान आत जाता येई. मला या शाळेतल्या कोणाचे आभार मानायचे असतील तर ते त्यांचे. सभागृहात कुजबुज झाली. समारोपात अध्यक्षांनी सौम्य शब्दांत समज दिली की, अशा मंगल प्रसंगी विद्यार्थ्यांनी नकारात्मक बोलू नये.

त्या दिवशी झालेल्या भाषणांपैकी कृतज्ञतेचे भाषण ते एकच होते, हे अध्यक्षांच्या लक्षात आले नाही. बाकीच्या चौघांनी 'समस्त गुरुजनवर्गाचे' आभार मानले होते, म्हणजे कोणाचेच नाही. आभार मानायचे तर माणूस दिसावा लागतो, त्याने काय केले ते सांगावे लागते, आणि ते सांगायचे तर अडचण काय होती हे आधी उच्चारावे लागते. कडी नव्हती हे सांगितल्याशिवाय मावशींचे उभे राहणे सांगता येत नाही. म्हणून 'मुलांच्या तोंडून तक्रारी ऐकण्याची तुम्हाला हौस आहे काय?' हा आक्षेप मला मान्य नाही. हौस तपशिलाची आहे. शाळेवर मनापासून प्रेम करणारी मुलेही असतात आणि त्यांचेही नुकसान होते, कारण त्यांचे प्रेम त्याच घरट्यात आणि त्याच पाखरांत कोंबले जाते.

याहून गंभीर गोष्ट त्या सभागृहात नसलेल्या मुलांची आहे. 'आम्ही सारे' असे भाषणात म्हटले जाते तेव्हा ते सारे म्हणजे दहावीपर्यंत उरलेले. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला आणि आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचे नाही असे ठरले (२०१९च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला ती मुभा राज्यांना पुन्हा मिळाली). परिणामी चाळण बसली ती नववीला. शाळेच्या फाटकावर 'शंभर टक्के निकाल' असा फलक लावायचा, तर कच्ची मुले दहावीच्या पटावर येऊ न देणे हा त्याचा सर्वांत सोपा मार्ग. नववीत अडकवायचे, किंवा पालकांना बोलावून 'सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा' असे समजावायचे. सगळ्या शाळा हे करतात असे मी म्हणत नाही; पण हे होते ते शिक्षकांच्या खोलीत सर्वांना ठाऊक असते. या मुलांना निरोप देण्यासाठी कोणी मांडव घालत नाही. त्यांच्यासाठी पेढाही नसतो.

२०२१ साली करोनामुळे दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला तो ९९.९५ टक्के. ज्या मुलांचे बरेचसे वर्ष घरातल्या एकुलत्या एका मोबाइलवर भावंडांशी वाटणी करण्यात गेले, त्यांना पाठ केलेल्या निबंधात मावणार नाही असे काहीतरी सांगण्यासारखे होते. ते त्यांना कोणी विचारले नाही. असो.

आपल्या साहित्याने या बाबतीत काय केले? मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) ही कादंबरी पुष्कळांनी स्मरणरंजन म्हणून वाचली, तो दोष वाचकांचा. आणीबाणीच्या काळातले नववीचे वर्ष तिथे ज्या बारकाईने येते, त्यात मंदिर आणि कुंभार कुठेच नाहीत. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०) यांसारख्या आत्मकथनांतून आलेली शाळा तर जात दाखवणारी आणि त्याच वेळी जातीबाहेरची वाटही दाखवणारी अशी दुहेरी आहे. आणि त्याही मागे, १८५५ साली, जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला होता. शाळेतल्या मुलीने लिहिलेला निबंध! त्यात छपराविना बाळंत होणाऱ्या बाया आहेत, धर्माला विचारलेले रोखठोक प्रश्न आहेत, आणि आपल्या लोकांनी ज्ञानाचे औषध घ्यावे असे आर्जवही आहे. शाळेने काय दिले याचा याहून चोख पुरावा कोणता असणार? आपल्या निबंधलेखनाची परंपरा तिच्यापासून मोजायची, तर 'शाळेचा निरोप घेताना'पर्यंतचा प्रवास हा घसरणीचाच म्हणावा लागेल.

घसरण तिथेच थांबत नाही. पंचवीस वर्षांनी हीच मुले व्हॉट्सॲपवर एकत्र येतात, एखाद्या रिसॉर्टवर स्नेहमेळावा होतो, जुन्या सरांना शाल-श्रीफळ दिले जाते आणि पुन्हा तेच भाषण होते. फक्त शिदोरीच्या जोडीला आता गाभुळलेली चिंच आणि छड्यांच्या गोड आठवणी आलेल्या असतात. (छड्या गोड कशा होतात हे मला आजवर उमगलेले नाही. ज्याला त्या रोज बसत, तो मेळाव्याला आलेला असतो का, हेही एकदा पाहावे.) 'आमची मराठी शाळा' म्हणताना ज्यांचा कंठ दाटून येतो, त्यांतल्या बहुतेकांची मुले इंग्रजी माध्यमात असतात. हा निव्वळ दांभिकपणा आहे असे मी मानत नाही. ज्या शाळेविषयी आपल्याला एकही खरे वाक्य बोलू दिले गेले नाही, तिच्यात काय चांगले होते आणि काय असह्य होते हे स्वतःशीही धड मांडता येत नाही, आणि मग मुलांच्या प्रवेशाचा निर्णय शेजारी कुठे जातात ते बघून होतो. मराठी शाळांचा पट घसरल्याची चर्चा करणाऱ्यांनी अनुदान, इमारती, शिक्षकभरती यांबद्दल जरूर बोलावे; पण या मुकेपणाचाही विचार व्हावा.

तेव्हा येत्या फेब्रुवारीत भाषण लिहून देण्याची जबाबदारी ज्या मराठीच्या शिक्षकांवर येईल, त्यांना माझी एक सूचना आहे. मुलांना काहीही लिहून देऊ नका. त्याऐवजी कार्यालयातून शाळेचे जनरल रजिस्टर मागून घ्या आणि या तुकडीबरोबर पाचवीत दाखल झालेल्या सगळ्या मुलांची नावे व्यासपीठावरून वाचायला सांगा. समोर बसलेल्या मुलांनी 'हजर' म्हणावे. जिथे कोणी उत्तर देणार नाही, तिथे त्या नावासमोरचा 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकानाही वाचावा. तो कोरा असेल, तर त्या मुलाच्या बाकावर कोण बसत असे ते विचारावे, आणि कारण त्यालाच सांगू द्यावे.