मृतसाठ्यातील पैसा

उजनी जलाशयाचे एक वैशिष्ट्य सोलापूर जिल्ह्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. सुमारे ११७ टीएमसी पाणी पोटात घेणाऱ्या या धरणातील ६३ टीएमसींहून अधिक पाणी मृतसाठा म्हणून गणले जाते. धरण ‘शून्य टक्के’ झाल्याचे जाहीर होते तेव्हाही निम्म्याहून अधिक पाणी आत असते, आणि टंचाईच्या वर्षी खरी ओढाताण चालते ती या उणे आकड्यांतील पाण्यासाठी. देशातील राजकीय पैशाची रचना याहून फारशी वेगळी नाही. पक्षांचे वार्षिक हिशेब आणि उमेदवारांचे खर्चाचे तक्ते हा वरचा, मोजला जाणारा साठा. त्याखाली न्यास, प्रतिष्ठाने, अभ्यासकेंद्रे, व्याख्यानमाला आणि प्रचारपुस्तिका यांचा दुसरा साठा असतो. निवडणुकीच्या काळात तो कोणी मोजत नाही. पण कोणता विचार ‘शहाणपणाचा’ आणि कोणता ‘कालबाह्य’ हे पुष्कळदा तेथेच ठरते.

या रचनेचा उगम शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. तो मुंबईतच सापडतो. १९४४ साली देशातील बड्या उद्योगपतींनी जी ‘मुंबई योजना’ मांडली, तिच्यावर ए. डी. श्रॉफ यांची सही होती आणि त्या योजनेने शासकीय नियोजनाला मान्यता दिली होती. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, दुसरी पंचवार्षिक योजना आली, आणि त्याच वर्षी याच श्रॉफ यांनी मुंबईत ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज’ची स्थापना केली. फोरम हा पक्ष नव्हता आणि तसा त्याचा दावाही नव्हता. पुस्तिका छापणे, व्याख्याने योजणे, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या वक्तृत्वस्पर्धा भरवणे हे त्याच्या परिवाराचे काम. पुढे नानी पालखीवाला यांची अंदाजपत्रकावरील व्याख्याने इतकी गाजली की ती ऐकण्यासाठी ब्रेबोर्न स्टेडियम भरू लागले. १९५९ साली राजाजी आणि मिनू मसानी यांचा स्वतंत्र पक्ष उभा राहिला तेव्हा त्याला लागणारी भाषा तयार होती. तो पक्ष १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागांपर्यंत चढला, १९७१ मध्ये ८ वर आला आणि १९७४ साली भारतीय लोकदलात विलीन झाला. मात्र १९९१ साली नव्या आर्थिक धोरणाची घोषणा झाली तेव्हा तिच्यातील अर्धेअधिक शब्द या पुस्तिकांच्या वाचकांना ओळखीचे वाटले असतील. निवडणुकीत हरलेला विचार पुस्तिकेतून तीस वर्षे जिवंत ठेवता येतो, त्यासाठी पाठीशी खंबीर देणगीदार मात्र लागतात.

देणगीचा हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे १९५७ सालीच आला होता. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात यासाठी आपल्या घटनापत्रकात बदल करून हवा होता. मुख्य न्यायमूर्ती मोहंमद करीम छागला यांनी कायद्याच्या चौकटीत परवानगी दिली, परंतु थैलीशाहीमुळे लोकशाहीचा श्वास कोंडण्याचा धोका स्पष्ट शब्दांत दाखवून संसदेने लक्ष घालावे असे सुचवले. संसदेने १९६० मध्ये मर्यादा घातली, १९६९ मध्ये अशा देणग्यांवर पूर्ण बंदी आणली, १९८५ मध्ये ती उठवली. २०१३ च्या कायद्याने कंपनीच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा ठेवली होती. २०१७ साली तीही काढून टाकण्यात आली, जेणेकरून तोट्यातील कंपनीनेही देणगी द्यावी. न्यायमूर्तींच्या इशाऱ्याची संसदेने केलेली ही संभावना आहे.

परदेशातही हेच घडले. अमेरिकेत १९७३ साली हेरिटेज फाउंडेशन उभे राहिले ते मद्य उत्पादक जोसेफ कूर्स आणि स्केफ घराण्याच्या पैशावर. १९८१ साली स्थापन झालेल्या ॲटलस संस्थेने अशाच विचाराच्या संस्थांचे जाळे जगभर विणले आणि त्याचे धागे दिल्लीपर्यंत आले. येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९५१ साली मुंबईत ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ची जी परिषद भरली, तिच्यात मसानींबरोबर जयप्रकाश नारायण आणि अशोक मेहता हे समाजवादी नेतेही होते. त्या संस्थेला फारफील्ड फाउंडेशनसारख्या प्रतिष्ठानांच्या आडून अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेचा पैसा मिळत होता, हे १९६६-६७ मध्ये उघड झाले. प्रतिष्ठानाचे नाव कितीही सात्त्विक असले तरी त्याच्या मागचा हात दिसत नाही, आणि निष्कलंक माणसेही त्या अंधारात उभी राहू शकतात.

आता हे सारे उजनीकाठी कोठे येऊन भिडते? फोरमच्या व्यासपीठावरून सर्वाधिक जिव्हाळ्याने ज्या हक्काची बाजू मांडली गेली तो मालमत्तेचा हक्क. बँक राष्ट्रीयीकरणाच्या १९७० च्या खटल्यात भागधारकाच्या मालमत्तेसाठी पालखीवाला सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले आणि जिंकले. त्याच काळात भीमेच्या काठी धरणाचे काम चालू होते. १९६६ साली पायाभरणी झाली, १९८० साली धरण पूर्ण झाले; करमाळा, माढा, इंदापूर या तालुक्यांतील काळीभोर गाळाची जमीन, वाडे, देवळे पाण्याखाली गेली. महाराष्ट्राचा पुनर्वसनाचा कायदा आला तो १९७६ मध्ये, म्हणजे पायाभरणीनंतर दहा वर्षांनी. सातबाऱ्यावरची ही जमीन मालमत्ता नव्हती काय? तिच्यासाठी कोणी पुस्तिका छापली नाही. पुस्तिका छापणारा पैसा ज्या मालमत्तेतून येतो, तिचेच रक्षण करतो.

पाण्याचेही तसेच झाले. पाणी हा समाजाचा ठेवा नसून हक्कांची देवघेव करण्याचा माल आहे, ही कल्पना अर्थशास्त्राच्या याच घराण्यात वाढली. जागतिक बँकेच्या कर्जाबरोबर ती महाराष्ट्रात आली आणि २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात पाण्याच्या हस्तांतरणीय हक्कांच्या रूपाने उतरली. कुगाव, केत्तूर, वांगीच्या ज्या शेतकऱ्याने धरणाला जमीन दिली, त्याच्या शेतीपंपाची वीज टंचाई आली की आधी कमी होते. विधिमंडळात तो कायदा येण्यापूर्वी ती कल्पना कोणी, कोणाच्या पैशाने वाढवली हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

शिवाय या प्रचाराचा काही खर्च तोच शेतकरी उचलतो. धर्मादाय न्यासाला दिलेल्या देणगीवर आयकर कायद्यान्वये सवलत मिळते. राजकीय पक्षाला वा निवडणूक न्यासाला कंपनीने दिलेली रक्कम तर करपात्र उत्पन्नातून पूर्णपणे वजा होते. म्हणजे उद्योगपतीच्या मताचा प्रसार सरकारी तिजोरीला चाट लावून होतो, आणि ती तिजोरी डिझेलवर व खतावर कर देणाराही भरतो. २०२२-२३ मध्ये निवडणूक न्यासांनी वाटलेल्या सुमारे ३६६ कोटी रुपयांपैकी २५९ कोटी एकट्या भारतीय जनता पक्षाला गेले. हा आकडा निदान जाहीर तरी होतो. निवडणूक रोख्यांतून सहा वर्षांत १६,००० कोटींहून अधिक रक्कम निनावी वाहिली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली आणि मार्चमध्ये नावे बाहेर आली. त्याच उन्हाळ्यात उजनीचे पाणी आटून पळसदेवचे मंदिर उघडे पडले होते. पाऊस झाला, मंदिर पुन्हा बुडाले. रोख्यांची नावेही चार महिन्यांत चर्चेतून बुडाली.

पक्षांच्या देणग्यांवर न्यायालयाने एवढा उजेड तरी पाडला. धोरणाचा प्रचार करणाऱ्या न्यासांवर तोही नाही. त्यांच्या देणगीदारांची नावे आयकर खात्याला कळतात, जनतेला नाही. करसवलत घेणाऱ्या आणि कायदे, कर, पाणी, जमीन यांविषयी मत घडवणाऱ्या प्रत्येक न्यासाने ठरावीक रकमेवरील देणगीदारांची नावे दरवर्षी प्रसिद्ध करावीत, ही मागणी समाजवादी पक्षाने विधिमंडळात आणि रस्त्यावर लावून धरली पाहिजे. ती करण्यापूर्वी पक्षाने, त्याच्या संलग्न संस्थांनी आणि साप्ताहिकांनीही स्वतःच्या देणगीदारांची यादी छापावी; अन्यथा हा प्रश्न विचारण्याचा अधिकार राहत नाही. न्यासांचे वार्षिक हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल होतात आणि ते कार्यालय सोलापुरात आहे. उजनीकाठच्या कार्यकर्त्यांनी साखर कारखान्यांच्या परिसरातील, शिक्षणाच्या व समाजसेवेच्या नावाने चालणाऱ्या न्यासांचे हिशेब तेथे जाऊन पाहण्यास या महिन्यापासूनच आरंभ करावा.