तुमचे फॉलोअर्स नक्की कुणाचे?



ट्रेनिंगला येणाऱ्यांना मी विचारतो, "दुकान कुठंय?" बरेच जण सांगतात, "सर, इन्स्टावर." माझं मत स्पष्ट आहे. इन्स्टावर तुमचं दुकान नाही. दुसऱ्याच्या जागेत लावलेली ती तुमची हातगाडी आहे.

कात्रजला गाळा घेताना आपण काय करतो? अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, नोटीस किती दिवसांची, सगळं लिहून घेतो. इथे मात्र न वाचता 'आय अ‍ॅग्री' दाबतो.

याची किंमत लोकांनी मोजलीय. 29 जून 2020 ला सरकारने 59 अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. बंदी बरोबर की चूक हा वेगळा विषय, पण गावाकडच्या कितीतरी पोरांनी जमवलेले लाखो फॉलोअर्स एका रात्रीत गेले. 'देशी' म्हणून कू आलं होतं, तेही जुलै 2024 मध्ये बंद झालं. म्हणजे मालक परदेशी की देशी हा मुद्दाच नाही. मालक एकच आहे, हा मुद्दा आहे. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद पडले, कारण तिघांचा मालक एक.

याला दुसरा रस्ता आहे. त्याचं सगळ्यात ओळखीचं नाव मॅस्टोडॉन. जर्मनीतल्या ऑयगेन रोख्को याने 2016 मध्ये सुरू केलं. सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे कुणीही फुकट घ्यावं, बघावं, स्वतःचा सर्व्हर चालवावा. असे हजारो सर्व्हर आहेत आणि ते एकमेकांशी बोलतात. जीमेलवरून रेडिफला मेल जातो ना, अगदी तसं.

आपल्या भाषेत सांगायचं तर कात्रज डेअरी बघा. ती कुणा एका शेठची नाही, जिल्हा सहकारी दूध संघाची आहे. गावोगावच्या संस्था आपापला कारभार बघतात, तरी सगळ्या एका साखळीत. मॅस्टोडॉनवर सर्व्हर पटला नाही तर दुसऱ्या सर्व्हरवर जाता येतं आणि फॉलोअर्स सोबत येतात. जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात, हे आधीच सांगतो. फोटोंसाठी पिक्सेलफेड आणि व्हिडिओसाठी पीअरट्यूब याच पद्धतीचे आहेत.

आता तुम्ही म्हणाल, "सर, आमचं गिऱ्हाईक तिथे आहे का?" नाही. 2019 मध्ये वकील संजय हेगडे यांचं ट्विटर अकाउंट बंद झालं, तेव्हा भारतातले बरेच लोक मॅस्टोडॉनवर गेले, पण ती लाट टिकली नाही. शिवाय तिथे जाहिरात विकत घेता येत नाही. सर्व्हर चालवणारे बरेचसे हौशी, देणग्यांवर चालवणारे. एखादा सर्व्हर बंदही पडू शकतो. त्यामुळे उद्याच इन्स्टा सोडा असं मी अजिबात म्हणत नाही. मसाल्याची ऑर्डर आज तिथूनच येणार.

माझं म्हणणं एवढंच, की गर्दी भाड्याच्या जागेत गोळा करा, पण गिऱ्हाईक स्वतःच्या वहीत उतरवा. या आठवड्यात तीन कामं करा:

1. नेहमीच्या गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर, त्यांना विचारून, वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहा. ही यादी कुठलीही कंपनी बंद करू शकत नाही.

2. स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या. एकच पान असलं तरी चालेल, पण बिलावर आणि पिशवीवर तोच पत्ता छापा.

3. मॅस्टोडॉनवर एक अकाउंट उघडून ठेवा. रोज दहा मिनिटं बघा, शिका. ऑर्डरची अपेक्षा नको. नवीन वस्तीत रस्ता व्हायच्या आधी जागा बघून ठेवतात, तसंच हे.

इन्स्टाने उद्या तुमचं पेज बंद केलं, तर परवा किती गिऱ्हाइकांना तुम्ही स्वतः फोन करू शकाल? आकडा कमेंटमध्ये लिहा. शून्य असला तरी लिहा, तिथूनच सुरुवात करू.