अल्बर्टच्या घरात आपण

तलासरीच्या एका शाळेत असताना मी गॅदरिंगसाठी सर्वधर्मसमभावावर नाटिका बसवली होती. मुसलमान मुलाला जाळीची टोपी नि चौकड्याची लुंगी, ख्रिस्ती मुलीला फ्रॉक. मुलगी सहावीतली, वारली, घरचे सगळे ख्रिस्ती. फ्रॉक हातात धरून ती म्हणाली, "सर, माझी आई तर लुगडं नेसते. चर्चलाही तेच नेसून जाते."

मला उत्तर सुचलं नाही. जास्त लाज याची वाटली की लुंगी मी आयुष्यात कधी नेसलो नाही, आणि तीच माझ्या हाताने त्या पोराच्या कमरेला गुंडाळली होती.

हे आपल्या डोक्यात सिनेमातून शिरलंय. 1977 चा 'अमर अकबर अँथनी' घ्या. अकबर म्हणजे कव्वाली, अँथनी म्हणजे दारूचा अड्डा. (चित्रपट मला आवडतो, खोटं कशाला बोलू?) पण तीनच वर्षांनी सईद अख्तर मिर्झांनी 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है' केला, तो मात्र फार थोड्यांनी पाहिला. मुंबईतलं कॅथलिक कुटुंब, बाप गिरणी कामगार, बहीण जोन साड्यांच्या दुकानात, अल्बर्ट गॅरेजमध्ये मेकॅनिक. श्रीमंत गिऱ्हाइकांच्या गाड्या फिरवता फिरवता तो स्वतःला त्यांच्यातलाच समजू लागतो आणि संप करणाऱ्या कामगारांवर चिडतो. मग संपात गुंड त्याच्या बापालाच मारतात.

नसीरुद्दीन शाह अल्बर्ट, शबाना आझमी स्टेला, स्मिता पाटील जोन, आणि आईबाप सुलभा नि अरविंद देशपांडे. म्हणजे पिंटोंच्या घरात पिंटो कुणीच नाही! तरी घर खरं वाटतं, कारण तिथली माणसं आधी नोकरी-पगाराच्या चिंतेत आहेत, मग ख्रिस्ती आहेत. माझे एक मित्र म्हणतात, यात श्रद्धा कुठाय? मला हे पटत नाही. जुम्याची नमाज पढून मी तासाभरात वर्गावर असतो. बाकीच्या दिवसात माझं ईमान नसतं का?

एक उणीव मात्र आहे. शहरातलं चर्च ही नुसती प्रार्थनेची जागा नाही. तिथे सोयरिकी जुळतात, मयताला माणसं जमतात, आणि कोण कुठला हेही तिथेच मोजलं जातं. यावर मराठीत चित्रपट हवा. साहित्यात वसईच्या फादर दिब्रिटोंना 2020 मध्ये आपण संमेलनाध्यक्ष केलं. पडद्यावर वसई-तलासरीचा रविवार क्वचितच दिसतो.

ती मुलगी आता मुंबईत नर्स आहे. 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल येते, तिच्यातच मागे भेटली. म्हणाली, "सर, तिकडच्या चर्चमध्ये इंग्रजीची मिस्सा वेगळी, कोकणीची वेगळी, मराठीची वेगळी. मी मराठीच्या मिस्सेला बसते. तिथेही विचारतात, तू नवीन ख्रिस्ती का? माझ्या आजीचा बाप्तिस्मा झालेला, सर."

मी हसलो. मुंबईच्या मशिदीत मलाही विचारतात, "आप तो मराठी बोलते हैं, मुसलमान कब से?"

पालघर आलं तशी तिने डबा उघडला. नागलीची भाकर होती. अर्धी मला दिली.